मंडप तापवणारे दोन ब्लोअर: थेट ज्वालेचा आणि धुराड्याचा

महाबळेश्वर आणि पाचगणी येथे डिसेंबर-जानेवारीत होणारी लग्ने, शाळांची स्नेहसंमेलने आणि कंपन्यांचे मेळावे आता मोठ्या जर्मन हँगरमध्ये, म्हणजे धातूच्या सांगाड्यावर कापड ताणलेल्या मंडपात, भरतात. दिवस मावळला की त्या कापडी छताखाली गारठा उतरतो आणि यजमान मंडपवाल्याकडे हीटर मागतो. मंडपवाला जे यंत्र आणतो ते बहुधा चाकांवरचे आडवे नळकांडे असते, ज्याच्या मागे पंखा, पोटात बर्नर आणि पुढे गरम हवेचे तोंड असते. या रूपाची दोन वेगवेगळी यंत्रे बाजारात आहेत. दोन्हींना ब्लोअरच म्हणतात, दोन्हींतून येणारी हवा हाताला सारखीच गरम लागते, आणि तरीही बंद मंडपात बसलेल्या माणसांच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक फार मोठा आहे.

पहिल्या यंत्रात पंख्याची हवा सरळ ज्वालेवरून जाते, त्यामुळे जळणातून निघालेली सारी उष्णता आणि त्याबरोबर जळणातून निघालेले सारे वायू मंडपात येतात. दुसऱ्या यंत्रात ज्वाला एका बंद धातूच्या कक्षात जळते, तिचा धूर धुराड्याने बाहेर जातो आणि मंडपाकडे जाणारी हवा त्या कक्षाच्या तापलेल्या भिंतींना बाहेरून स्पर्श करून गरम होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: यंत्राच्या पाठीवर धुराड्याची उभी नळी असेल तर ते दुसऱ्या प्रकारचे, नळी नसेल आणि पुढच्या तोंडातून दुरून डोकावल्यावर ज्वाला दिसत असेल तर ते पहिल्या प्रकारचे. गॅस की डिझेल यावरून प्रकार ठरत नाही, कारण दोन्ही प्रकार दोन्ही इंधनांवर मिळतात. भाडे ठरवताना मात्र चर्चा बहुतेक वेळा इंधनावर आणि किलोवॅटवरच थांबते, आणि धूर कुठे जाणार हा पहिला प्रश्न विचारायचा राहून जातो.

फरक किती मोठा आहे हे एका उदाहरणावरून मांडता येईल. २० मीटर रुंद, ३० मीटर लांब आणि कडेला ४ मीटर उंच असा चारही बाजूंनी कनात लावलेला मंडप धरला, तर त्याच्या छताचे आणि भिंतींचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या थोडे वर जाते. एकेरी कापडातून उष्णता सहज निसटते, त्यामुळे बाहेर ८ अंश असताना आत १८ अंश राखायचे झाल्यास, फटींतून जाणारी हवा धरून, सुमारे ८० किलोवॅट उष्णता लागते. एलपीजीवर चालणारे थेट ज्वालेचे यंत्र त्यासाठी ताशी सव्वासहा किलो गॅस जाळेल. एक किलो एलपीजी जळताना सुमारे दीड किलोहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपात तयार होते आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे ३ किलो. म्हणजे मंडपाच्या हवेत दर तासाला जवळजवळ १० लिटर पाणी आणि १९ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मिसळतो, जो शांत बसलेल्या चारशे माणसांच्या उच्छ्वासातून येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपेक्षाही अधिक आहे.

या पाण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. चारशे माणसे श्वास आणि घाम यांतून स्वतःच ताशी वीसेक लिटर पाणी हवेत सोडतात; त्यात यंत्राचे दहा लिटर मिळाले की गरम, दमट हवा वर चढते, थंड छताच्या आतल्या बाजूला टेकते आणि तिथे तिचे थेंब होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या परिसरात थंडीच्या काही पहाटे दवबिंदू गोठतात. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जड थंड हवा उतारावरून सखल जागी येऊन साठते, त्यामुळे अशा खोलगट जागेत उभारलेल्या मंडपाचे छत वरच्या माळावरील मंडपापेक्षाही गार होते. मग छताचे पाणी पंगतीवर, सजावटीच्या कापडावर आणि ध्वनियंत्रणेवर ठिबकू लागते, आणि छप्पर गळते म्हणून दोष ताडपत्रीला दिला जातो. धुराड्याच्या यंत्रात जळणातले पाणी धुराबरोबर बाहेर जाते, त्यामुळे उरते ते फक्त माणसांचे पाणी, आणि ते छताच्या शिखराजवळ ठेवलेल्या लहान झरोक्यांतून काढता येते.

याहून गंभीर आहे तो कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. बर्नर नीट जुळवलेला असेल तर हा वायू थोडाच तयार होतो, पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने साधारण पंधरा टक्के कमी असतो. सखल भागासाठी जुळवलेला बर्नर तसाच घाटावर आणून पेटवला, तर इंधनाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि जळण अर्धवट राहते. हा दोष दोन्ही यंत्रांत होऊ शकतो. पण एका यंत्रात त्याचा परिणाम धुराड्यातून बाहेर जातो आणि दुसऱ्यात तो आजी-आजोबांच्या आणि तान्ह्या मुलांच्या श्वासात जातो. कोळशाची शेगडी बंद कनातीत ठेवण्याची जुनी सवय याच कारणाने घातक आहे, आणि मोकळ्या अंगणासाठी बनवलेले छत्रीच्या आकाराचे गॅस हीटरही बंद मंडपात आणू नयेत.

थेट ज्वालेच्या यंत्राची बाजू मांडायची तर ते हलके आणि स्वस्त असते, आणि धुराड्यातून उष्णता वाया जात नसल्याने जवळजवळ सर्व इंधन कामी येते. धुराड्याच्या यंत्रात पंधरा-वीस टक्के उष्णता बाहेर जाते. मात्र पहिल्याला सतत बाहेरचीच थंड हवा ओढावी लागते, कारण मंडपातली हवा परत त्यातून फिरवली तर वायू साचत जातात. दुसऱ्याला मंडपातली आधीच कोमट झालेली हवा परतीच्या डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळीतून, देता येते, त्यामुळे कनाती घट्ट बांधलेल्या मंडपात इंधनाचा हा फरक जवळजवळ संपतो. दोन बाजू उघड्या असलेला मंडप असेल, तर पहिले यंत्र योग्यच आहे. बंद मंडपात माणसे बसणार असतील, तर धुराड्याचेच यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंधनाचा हिशेब वेगळा करावा. वरच्या मंडपासाठी धुराड्याच्या यंत्राला ताशी साडेनऊ लिटरच्या आसपास डिझेल लागेल. गॅसवर चालवायचे तर व्यावसायिक १९ किलोचा एक सिलिंडर जेमतेम अडीच तास पुरेल, आणि थंडीत एका सिलिंडरमधून इतका वायू सलग निघतही नाही. तो बाहेरून गारठतो आणि दाब पडतो, म्हणून अनेक सिलिंडर एकत्र जोडून मंडपाबाहेर मोकळ्या जागेत ठेवावे लागतात. धुराड्याचे यंत्रही बाहेरच, वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, धूर कनातीवर येणार नाही असे उभे करावे आणि डक्टचे तोंड जमिनीजवळ ठेवावे, कारण वर सोडलेली गरम हवा शिखरातच अडकते. मंडपाच्या अग्निसुरक्षेसाठी आयएस ८७५८ हे भारतीय मानक आहे. मंडपवाल्याशी करार करताना त्याचा उल्लेख लेखी असावा, आणि यंत्र कोणतेही असले तरी आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा.

यंत्राची क्षमता रिकाम्या मंडपावरून ठरवावी, पण थर्मोस्टॅट (तापमान राखणारे बटण) भरलेल्या मंडपाकडे पाहून लावावा. प्रत्येक माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे चारशे पाहुणे आत आले की ४० किलोवॅटची, गरजेच्या निम्मी, सोय आपोआप होते. म्हणून कार्यक्रमाच्या दीड-दोन तास आधी यंत्र पूर्ण क्षमतेने चालवून पंगत बसताना ते कमी करावे.