लॅपपासून कपलरपर्यंत : सळयांच्या जोडामागचा इतिहास

नाशिकच्या गंगापूर रोड, पाथर्डी फाटा या भागांत चढत असलेल्या उंच इमारतींच्या कॉलमवर आता बोटभर लांबीच्या, आतून आटे पाडलेल्या पोलादी नळ्या दिसतात. हेच कपलर, दोन सळया टोकाला टोक जोडणारे. पूर्वी त्या जागी दोन सळया शेजारी ठेवून बाइंडिंग तारेने बांधलेला लॅप असे. बंगल्यांच्या कामात तो आजही चालतो आणि तिथे तो योग्यच आहे.

लॅपमध्ये एका सळईतला ताण दुसरीत थेट जात नाही, भोवतालच्या काँक्रीटच्या पकडीतून जातो. चार सुती, पाच सुती सळयांना, म्हणजे १२ आणि १६ मिमीला, हे सहज पेलते. ३२ मिमीला मात्र एम २५ प्रतीचे काँक्रीट आणि एफई ५०० प्रतीचे पोलाद धरले, तर ताणातल्या जोडासाठी दीड मीटरहून लांब लॅप लागतो; जोडामागे जवळपास १० किलो लोखंड. पैशांपेक्षा मोठा त्रास गर्दीचा. लॅपच्या पट्ट्यात सळया दुप्पट होतात, खडी अडते, काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरत नाही. काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४५६ कॉलममध्ये ६ टक्क्यांपर्यंत लोखंड चालवते, पण खालच्या सळयांशी लॅप असेल तर सहसा ४ टक्क्यांवर जाऊ नका म्हणते, ते यासाठीच.

मग वेल्डिंग का नको? इथे सळईचाच इतिहास आड येतो. थंड अवस्थेत पीळ दिलेल्या टॉर सळयांनंतर टीएमटी आली. तिचे मूळ १९७० च्या दशकातल्या बेल्जियमच्या टेम्पकोर प्रक्रियेत आहे: तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा करून बाहेरची साल कडक करायची, गाभा लवचिक ठेवायचा. वेल्डिंगची आच ही साल मऊ करते. सरळ आटे कापावेत, तर नेमकी तीच साल सोलली जाते आणि सळई बारीक होते.

कपलरची खरी प्रगती ही अडचण सोडवण्यात झाली. त्याआधी अमेरिकेत १९६०-७० च्या दशकांत अणुवीज केंद्रांच्या ५७ मिमीपर्यंतच्या सळया नळीत वितळलेला धातू ओतून जोडत. पुढे निमुळते आटे आले. मग सळईचे टोक दाबून आधी फुगवायचे आणि नंतर आटे पाडायचे, म्हणजे आट्याच्या तळाशीही मूळ जाडी टिकते, ही पद्धत आली. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. चीनमध्ये रुजलेली तिसरी पद्धत धातू न कापता आटे लाटून उठवते.

भारतात या प्रश्नाला भूकंपांनी धार आणली. किल्लारीच्याच वर्षी, १९९३ मध्ये, भूकंपात तग धरणाऱ्या काँक्रीट बांधकामाचे मानक आयएस १३९२० आले. २००१ मध्ये भूज हादरले. २०१६ च्या नकाशात नाशिक तिसऱ्या भूकंप विभागात आहे. हादऱ्यांत कव्हरचे, म्हणजे सळयांवरच्या बाहेरच्या थराचे, काँक्रीट निखळले की लॅपची पकडच सुटते. कपलर त्या कव्हरवर अवलंबून नसतो. तरीही कपलरचे स्वतंत्र भारतीय मानक, आयएस १६१७२, यायला २०१४ उजाडले. तोवर परदेशी मानकांचा आधार होता. आयएस १६१७२ मध्ये ताणाची चाचणी आहे, जोड किती घसरतो याची मर्यादा आहे, उलटसुलट भाराची चाचणीही आहे.

कपलर कारखान्यातून तपासून येतो, आटे मात्र बहुधा साइटवरच पडतात. नाशिकच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकची टोपी न घातलेले आटे गंजतात. म्हणून साइटवरच जुळवलेल्या जोडाचे नमुने प्रयोगशाळेत ओढून पाहायला हवेत, आणि तुटली तर सळई कपलरपासून दूर तुटायला हवी.