गाडीतली हँडगन आणि पोलिसांचा थांबा: टेक्ससमधील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एलटीसीच्या (लायसन्स टू कॅरी, म्हणजे हँडगन बाळगण्याचा टेक्ससचा परवाना) वर्गाला येणारे किंवा गाडीसाठी लॉकबॉक्स (गन ठेवायची कुलूपबंद पेटी) घ्यायला येणारे मराठी ग्राहक बहुतेक एकच प्रश्न विचारतात: "गन गाडीत ठेवलेली चालते ना?" टेक्ससमध्ये चालते. पण कोणाला, कुठे आणि कशी, हे विचारायचं राहून जातं, म्हणून हे पत्रक. आम्ही वकील नाही. शस्त्र हाताळायला शिकवतो आणि गाडीत लॉकबॉक्स बसवून देतो. स्वतःच्या प्रकरणात शंका असेल तर वकिलाला विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला नको.

आधी व्हिसा

सगळ्यात मोठा खड्डा नेमका आपल्याच लोकांच्या वाटेत आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ किंवा बी-२ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतूससुद्धा बाळगता येत नाही. राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी यात फरक पडत नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षांची झाली आहे. आधी ती १० होती. महत्त्वाचा अपवाद म्हणजे मुदतीतलं हंटिंग लायसन्स. त्याची मुदत संपली की सवलतही संपली, आणि ती तारीख लक्षात ठेवणारे फार थोडे.

ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अडचण नाही. तरी ग्रीन कार्डवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: शस्त्राशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढण्याची कारवाई होऊ शकते. नागरिकाला जिथे दंडावर भागेल, तिथे तुमचं इथलं अख्खं बस्तान पणाला लागतं.

आता घरातलं चित्र पाहा. पिस्तूल तुमचं, तुम्ही नागरिक, सगळं रीतसर. शनिवारी एच-१बीवरचा मित्र एअरपोर्टला जायला तुमची गाडी मागतो आणि कन्सोलमध्ये (पुढच्या दोन सीटांमधल्या कप्प्यात) काय आहे हे त्याला माहीत असतं. वाटेत गाडी थांबवली गेली, तर ते पिस्तूल कोणाच्या ताब्यात होतं हा प्रश्न त्याला विचारला जाणार. भारतातून आलेल्या आईबाबांच्या हाती गाडी देतानाही हेच. किल्ली देण्याआधी गन काढून घरच्या तिजोरीत ठेवा. "परत येईपर्यंत कोण बघतंय" हा विचार आम्हाला मुळीच मान्य नाही.

टेक्ससचा नियम

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्ससमध्ये परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. कायद्यात वय २१ लिहिलं आहे, आणि ज्यांना शस्त्र बाळगायला बंदी आहे त्यांना ही मुभा नाही. गाडीत हँडगन बाहेरून दिसता कामा नये. दिसत असेल तर ती होल्स्टरमध्ये (गनच्या म्यानात) हवी. आमचं मत विचाराल तर होल्स्टरमध्ये असली तरी दिसू देऊ नका. पार्किंगमध्ये काच फोडणारा चोर होल्स्टर बघून परत फिरत नाही.

गाडीतली ही मुभा एका अटीवर टिकते: तुम्ही त्या वेळी दुसरा गुन्हा करत नसाल तर. वेगमर्यादा ओलांडण्यासारख्या किरकोळ वाहतूक गुन्ह्याने ती जात नाही. दारू पिऊन गाडी चालवणं मात्र किरकोळात मोडत नाही. दोन बिअरनंतर स्टिअरिंगवर बसलात आणि डीडब्ल्यूआय (नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा) लागलं, तर कन्सोलमधल्या पिस्तुलाचं दुसरं प्रकरण त्याला चिकटतं.

ऑफिसच्या पार्किंगबद्दलही नेहमी विचारणा होते. २०११ च्या कायद्यानुसार, कर्मचाऱ्याने आपल्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर शस्त्र ठेवलं तर मालक त्याला सरसकट मनाई करू शकत नाही. शाळा, काही रासायनिक कारखाने आणि कंपनीच्या मालकीच्या गाड्या यांना अपवाद आहेत. कंपनीची गाडी वापरत असाल तर एचआरचं धोरण वाचल्याशिवाय काहीही ठेवू नका. पोस्टाच्या आवारात, पार्किंगमध्येसुद्धा, गन नेऊच नका.

मुलांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्या मुलाकडून गोळी सुटून कोणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर तो अधिक मोठा गुन्हा ठरतो. ग्लव्ह बॉक्सचं कुलूप आम्ही कुलूप धरत नाही, कारण बऱ्याच गाड्यांत ते गाडीच्या किल्लीनेच उघडतं आणि ती किल्ली गाडी पार्क करून देणाऱ्या व्हॅलेकडे जाते, ऑइल बदलणाऱ्याकडे जाते, घरातल्या १६ वर्षांच्या ड्रायव्हरकडे तर असतेच. सीटच्या सांगाड्याला केबलने बांधलेला, वेगळ्या कोडचा लॉकबॉक्स घ्या. आमच्याकडूनच घ्या असं नाही.

शाळेसमोरचा रस्ता

परवान्याशिवाय चालतं तर एलटीसी कशाला, असं बरेच जण म्हणतात. उत्तर मुलांच्या शाळेसमोर आहे. केंद्रीय कायद्यानुसार शाळेपासून १००० फुटांच्या आत, सार्वजनिक रस्त्यावर, गाडीत भरलेली आणि हाताशी असलेली बंदूक चालत नाही. ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याने परवाना दिला असेल तर सूट मिळते. नाहीतर बंदूक रिकामी आणि कुलूपबंद पेटीत हवी. परवान्याशिवाय बाळगण्याची मुभा म्हणजे परवाना नव्हे. सकाळी मुलांना सोडताना तुम्ही किती शाळांवरून जाता ते एकदा नकाशावर बघा. एलटीसीचा वर्ग ४ ते ६ तासांचा असतो, वर नेमबाजीची चाचणी. एवढ्यासाठी तो करून टाका.

मागे दिवे लागले की

मागे लाल-निळे दिवे दिसले की वेग कमी करा, इंडिकेटर द्या आणि उजवीकडे सुरक्षित जागी थांबा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. काच खाली घ्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर ठेवा. अधिकारी येईपर्यंत कागद काढून ठेवावेत म्हणून अनेक जण ग्लव्ह बॉक्सकडे वाकतात. मागून येणाऱ्याला त्यातलं काय दिसतं? एक खांदा खाली जाताना. हात कुठे गेला ते दिसत नाही.

म्हणून आमचा सगळ्यात आग्रहाचा सल्ला: कागद आणि गन कधीही एका जागी ठेवू नका. इन्शुरन्स आणि रजिस्ट्रेशन सन व्हायझरच्या पाकिटात, लायसन्स आणि एलटीसी कार्ड पैशाच्या पाकिटात, आणि ते पाकीट गन ज्या बाजूला आहे तिच्या विरुद्ध खिशात. सगळी तयारी अशी हवी की थांबवल्यावर तुमचा हात गनच्या दिशेने जायची वेळच येऊ नये.

२०१६ मध्ये मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्स इथे फिलँडो कॅस्टील यांना असंच थांबवलं होतं. त्यांच्याकडे परवाना होता. आपल्याजवळ बंदूक आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, आणि पुढच्या काही सेकंदांत अधिकाऱ्याने गोळ्या झाडल्या. ज्युरीने २०१७ मध्ये त्या अधिकाऱ्याला निर्दोष सोडलं. चूक कॅस्टील यांची होती असं आमचं अजिबात म्हणणं नाही. पण त्यानंतर आम्ही वर्गात बोलण्याचा क्रमही घोटून घेतो: आधी परवाना, मग जागा, मग हात, आणि शेवटी प्रश्न.

"ऑफिसर, आय हॅव अ लायसन्स टू कॅरी. देअर इज अ हँडगन इन द कन्सोल. माय हँड्स विल स्टे ऑन द व्हील. व्हॉट वुड यू लाइक मी टू डू?" एवढंच, सावकाश. पहिल्याच वाक्यात "आय हॅव अ गन" नको. रस्त्याच्या आवाजात त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकू जातो.

टेक्ससमध्ये एलटीसीधारकाकडे हँडगन असेल आणि अधिकाऱ्याने ओळखपत्र मागितलं, तर ड्रायव्हिंग लायसन्स आणि एलटीसी दोन्ही दाखवायचे असतात. लायसन्स तपासताना त्याला तुमच्या एलटीसीची नोंद दिसतेच, त्यामुळे लपवून काही साधत नाही. एलटीसी नसेल तर आपणहून सांगण्याचं बंधन नाही. पण त्याने विचारलं तर खोटं बोलू नका, आणि खाली उतरायला सांगितलं किंवा कागद गनजवळ असतील तर हलण्याआधी सांगा.

आपल्या सुरक्षेसाठी गरज वाटली तर अधिकारी थांब्यापुरती गन ताब्यात घेऊ शकतो. तुम्ही स्वतः काढून देऊ नका; "मी काढून देतो" म्हणत हात घालणं हीच सगळ्यात धोक्याची हालचाल. गैर काही आढळलं नाही तर निघताना गन परत मिळते, बहुधा रिकामी करून. ती तिथेच रस्त्याच्या कडेला भरत बसू नका.

खाली उतरायला सांगितलं तर उतरा. हा अधिकार सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच मान्य केला आहे. झडतीला संमती द्यायची की नाही ते तुमच्या हाती आहे: "आय डोन्ट कन्सेंट टू अ सर्च" हे शांतपणे म्हणता येतं. मात्र धोक्याचा वाजवी संशय असेल तर शस्त्रासाठी गाडीचा आतला भाग तपासता येतो. आणि तिकिटाचं काम झाल्यावर कारणाशिवाय तुम्हाला अडकवून ठेवता येत नाही, असा २०१५ चा निकाल आहे. हे माहीत असावं, पण रस्त्यावर कायद्याचा वाद घालू नये. तो कोर्टात घालायचा.

आणखी एक, जे इंग्रजी पत्रकात सापडणार नाही. खिडकीशी अधिकारी उभा असताना गाडीत मराठीत कुजबुजू नका. "अगं, ती कुठं ठेवलीस?" हे त्याला कळत नाही, दोघं घाईने काहीतरी ठरवताहेत एवढंच दिसतं. मागच्या सीटवरच्या मुलांनाही आधीच सांगून ठेवा की अशा वेळी बोलायचं नाही. "बाबा, गन दाखव ना!" हे वाक्य कोणालाच नको असतं.

राज्याची हद्द ओलांडताना

टेक्ससची मुभा हद्दीपाशी संपते. शेजारच्या काही राज्यांत टेक्ससचा एलटीसी मानला जातो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया तो मानत नाहीत. मिशिगनसारख्या राज्यात तर अधिकाऱ्याला लगेच आपणहून सांगावं लागतं.

वाटेतल्या राज्यांसाठी १९८६ चा केंद्रीय कायदा थोडं संरक्षण देतो. निघण्याच्या आणि पोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी गन बाळगणं कायदेशीर हवं. गन रिकामी हवी. ती आणि गोळ्या बसल्या जागेवरून हाताशी येता कामा नयेत. सेडान असेल तर ट्रंक (डिकी). मिनीव्हॅन किंवा एसयूव्हीला वेगळी ट्रंक नसते, तिथे कुलूपबंद पेटी लागते, आणि ग्लव्ह बॉक्स वा कन्सोल त्यात धरत नाहीत.

हे संरक्षण किती पातळ आहे ते न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या विमानतळावरच्या एका प्रकरणात दिसलं. प्रवाशाचं जोडविमान चुकलं, रात्र हॉटेलात काढावी लागली, सामान त्याच्यासोबत आलं. दुसऱ्या दिवशी त्याने चेक-इनला गन असल्याचं स्वतःच सांगितलं आणि त्याला अटक झाली. २०१० मध्ये केंद्रीय अपील कोर्टाने म्हटलं की हॉटेलात गन त्याच्या हाताशी होती, म्हणून हा कायदा त्याला लागू नाही. शिवाय न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनला बंदी आहे, आणि अनेक नेहमीच्या पिस्तुलांसोबत १५ किंवा १७ ची येते. न्यू जर्सीतल्या एडिसनला बहिणीकडे निघाला असाल तर गन घरीच ठेवा. न्यू मेक्सिको, कोलोराडोकडे जाणाऱ्यांनी गांजाच्या गमीज आणि गन एका गाडीत आणू नयेत, तिथल्या दुकानात त्या उघड विकल्या जात असल्या तरी.

लॉकबॉक्स बसवून घ्यायला येताना

गन घरीच ठेवून या. बसवण्यासाठी तिची गरज नसते. गाडीचं मॉडेल आणि वर्ष आधी कळवा. सीट इलेक्ट्रिक असेल तर तेही सांगा, कारण तिच्याखाली मोटर आणि वायरिंग असल्याने केबल दुसरीकडून न्यावी लागते. गनचा सिरियल नंबर घरी एका कागदावर लिहून ठेवा. गाडी फुटली तर पोलिसांना तो तक्रारीसाठी लागतो, आणि तो गाडीतच ठेवलेला असेल तर त्या वेळी उपयोगाचा नाही.