दृष्टिपटलातील बदल व बोधनक्षमतेचा ऱ्हास

दृष्टिपटल, म्हणजे बोलीतला ‘डोळ्याचा पडदा’, गर्भावस्थेत अग्रमेंदूलाच फुटलेल्या कोंबापासून घडते. शस्त्रक्रियेविना, बाहुलीतून थेट पाहता येणारा मेंदूचा हा एकमेव विस्तार होय. हेल्महोल्ट्स यांचे नेत्रदर्शक १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हापासून तो पाहण्यात येत असला, तरी स्मृतिभ्रंशाची, विशेषतः अल्झायमर रोगाची, पूर्वखूण त्यात शोधण्याचा विचार बराच अलीकडचा आहे.

त्याचा आरंभ बहुधा १९८६ पासून धरावा. त्या वर्षी हिंटन व सहकाऱ्यांनी अल्झायमरने मृत झालेल्यांच्या दृक्-तंत्रिकांत, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांत, तंतूंचा ऱ्हास नोंदवला. नंतरच्या काही अभ्यासकांना मात्र तसा क्षय आढळला नाही. जिवंत माणसात मोजमाप शक्य झाले ते १९९१ मध्ये वर्णिलेल्या ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने ऊतकाचे छेदचित्र घेणाऱ्या, तंत्रामुळे. रुग्णाने हनुवटी टेकवून यंत्रातल्या खुणेकडे पाहायचे. काही क्षणांत पडद्याचे थर उभ्या छेदात दिसतात. दृक्-चकतीभोवतीचा, म्हणजे ही नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागेभोवतीचा, तंत्रिका-तंतूंचा थर निरोगी प्रौढात सरासरी सुमारे १०० मायक्रोमीटर, म्हणजे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. ब्रिटनमधील यूके बायोबँक व नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील २०१८ मधील मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासांनी हा थर पातळ असण्याचा संबंध अनुक्रमे पुढील बौद्धिक घसरणीशी व स्मृतिभ्रंशाच्या वाढीव जोखमीशी जोडला.

खरा वाद अल्झायमरमध्ये मेंदूत साठणाऱ्या अमिलॉइड प्रथिनाच्या, दृष्टिपटलातील साठ्यांविषयी आहे. हळदीतील कुर्क्युमिन या प्रथिनाला चिकटते व योग्य प्रकाशात चमकते. या गुणाचा उपयोग करून लॉस एंजेलिस येथील कोरोन्यो-हमौई व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मृतांच्या दृष्टिपटलात असे साठे दाखवले आणि २०१७ मध्ये कुर्क्युमिन पोटात देऊन रुग्णांच्या डोळ्यांत ते टिपल्याचे सांगितले. अन्य प्रयोगशाळांना मेंदूतल्यासारखे ठळक साठे सापडले नाहीत. काहींना अल्झायमरशी निगडित दुसरे प्रथिन, टाऊ, तेवढे आढळले. ऊतक कसे कापले, पडद्याचा कोणता भाग तपासला, प्रथिन ओळखण्यास कोणते प्रतिपिंड वापरले, यांतील फरकाने निष्कर्ष बदलत असावेत. तूर्त जाडीच्या मोजमापांचा आधार अधिक भक्कम वाटतो.

तथापि तोही एकट्याने निदानास पुरत नाही. काचबिंदूत हाच थर झिजतो, वयपरत्वे तो सर्वांचाच पातळ होतो, आणि मोठा उणे नंबर असलेल्या डोळ्यात मुळातच कमी भरतो. पडद्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील बदलांवरही विसंबता येत नाही, कारण ते मधुमेह व रक्तदाबातही दिसतात.