जुन्या इमारतींच्या काचा खरंच खाली ओघळतात का?

‘काच हा मुळात द्रवच. म्हणूनच दीडशे वर्षं जुन्या व्यापारी इमारतींच्या खिडक्यांच्या काचा ओघळून तळाशी जाड झाल्यात.’ हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय.

तळाशी जाड असलेलं तावदान खरोखर पाहायला मिळतं, त्यामुळे ते पटतंही. निरीक्षण बरोबर आहे, चुकलंय ते कारण. काचेतल्या अणूंची रचना द्रवासारखी विस्कळीत असते हे खरं, पण ते जागचे हलत नाहीत. खिडकीची साधी काच मऊ पडायला ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावी लागते. उन्हाने ते होणे नाही.

मग जाडी आली कुठून? कारखान्यातूनच. पूर्वी फुंकनळीवरचा तापलेला गोळा गरगर फिरवून त्याची थाळी करत; ती मध्याकडे जाड, कडेला पातळ. त्यातूनच तावदानं कापायची. दुसऱ्या पद्धतीत लांब नळकांडं फुंकून, उभं चिरून सपाट करत. एकसारखी जाडी दोन्हीत अवघडच.

पडताळायचं तर एकच तावदान पाहून थांबू नका. दुरुस्तीसाठी चौकटीतून काढलेल्या काचा मिळाल्या, तर चारही कडा कॅलिपरने मोजा. काही वरच्या बाजूला जाड निघतील, काही कुशीला. काच ओघळली असती तर वरची कडा चौकटीतून सुटून फट पडली असती. आणि संग्रहालयांतली दोन हजार वर्षांपूर्वीची रोमन काचपात्रं केव्हाच बसकी झाली असती!

समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब काचेत नागमोडी दिसलं, तर काच बहुधा जुनी. अगदी सरळ दिसलं, तर मात्र ती मागाहून बदललेली असू शकते.