तलवारीचं पाणी, माशाची सुरी

जपानमधल्या क्योतोच्या निशिकी बाजारात, मासे आणि लोणच्यांच्या दुकानांमधल्या चिंचोळ्या गल्लीत, आरित्सुगु हे सुऱ्यांचं दुकान आहे. सुरी विकत घेतली की कारागीर बारीक छिन्नी-हातोडी घेऊन पात्यावर गिऱ्हाइकाचं नाव कोरून देतो. टक, टक, टक. बघायला मजा येते, पण कोडंही पडतं. जे पोलाद वस्तऱ्यासारखी धार धरून ठेवतं, त्यात छिन्नी शिरते कशी?

ही पेढी 1560 सालची, म्हणजे शिवजन्माच्या 70 वर्षं आधीची. फुजिवारा आरित्सुगु हा तलवारी घडवणारा लोहार. जपानभर सरदारांच्या लढाया पेटलेल्या होत्या, तलवारीला मागणी भरपूर. पुढे 1603 मध्ये तोकुगावा घराण्याची सत्ता आली आणि अडीचशे वर्षं शांतता नांदली. रयतेचं भलं झालं, तलवारवाल्यांची पंचाईत! आरित्सुगुंचं घराणं बुद्धमूर्ती कोरणाऱ्यांची हत्यारं आणि स्वयंपाकाच्या सुऱ्या यांकडे वळलं. 1876 मध्ये तोकुगावांनंतर आलेल्या मेइजी सरकारने तलवार बाळगून फिरायलाच बंदी घातली, तेव्हा बाकीच्या अनेक लोहारांनाही हीच वाट धरावी लागली.

घडवायची वस्तू बदलली, पण लोहारापुढची अडचण तीच राहिली. पोलादात साधारण एक टक्का कार्बन असला, ते सुमारे 800 अंश सेल्सिअसला लालबुंद केलं आणि झटकन पाण्यात बुडवलं, की आतल्या कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला फुरसतच मिळत नाही. ते लोखंडाच्या जाळीत अडकतात, जाळी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. आपले लोहार यालाच ‘पाणी देणं’ म्हणतात. पण कठीण झालेलं पोलाद ठिसूळही होतं. अख्खं पातं तसं केलं तर हाडावर आपटल्यावर टवका उडायचा.

तलवारवाल्यांची तोड अशी : पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप द्यायचा, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. धार पटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. मार्टेन्साइट होताना पोलाद किंचित फुगतं, त्यामुळे धारेची बाजू पसरते आणि पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीचा तो देखणा बाक बराचसा असा पाण्यातच येतो. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

याच पद्धतीच्या सुऱ्या आजही बनतात, त्यांना होन्याकी म्हणतात. त्या महाग, कारण पाणी देताना पातं तडकलं की सगळी मेहनत वाया. म्हणून बहुतेक सुऱ्या दुपदरी असतात. मऊ लोखंडाच्या पट्टीवर कडक पोलादाची पट्टी ठेवायची, तापवून घणाखाली दोन्ही एकजीव करायच्या. साशिमीसाठी, म्हणजे कच्च्या माशाच्या पातळ कापांसाठी, मासा कापायच्या सुरीला एकाच अंगाने उतार असतो. दुसरं अंग पोलादाचं आणि किंचित खोलगट, म्हणजे माशाचा काप पात्याला चिकटून बसत नाही. जोडाच्या रेषेपाशी मऊ लोखंड धुरकट दिसतं, म्हणून या सुरीचं नाव कासुमी, म्हणजे धुकं.

या पोलादांची नावंही गमतीची आहेत : पांढरा कागद, निळा कागद. कारखान्यात ओळखीसाठी जी रंगीत कागदी लेबलं लावत, तीच नावं रूढ झाली. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम मिसळलेलं असतं, त्यामुळे धार जास्त टिकते. गंजतात मात्र दोन्ही. कांदा कापून सुरी तशीच ठेवली की पातं काळवंडलंच, अगदी आपल्या जुन्या लोखंडी विळीसारखं.

आता छिन्नीचं कोडं. दुपदरी सुरीवर नाव कोरलं जातं ते मऊ लोखंडाच्या अंगावर, पाठीजवळ. धार लावून लावून पातं दरवर्षी थोडं अरुंद होत जातं, पण झीज धारेकडून वर सरकते. नावापर्यंत ती सगळ्यात शेवटी पोचते.