ग्राही रेणूंची चार दशकं

सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंपासून बनवलेले, सौरघट म्हटलं की प्रकाश शोषणाऱ्या पॉलिमरचं नाव आधी निघतं. पण या घटांची मजल कुठवर जाणार, हे बऱ्याच अंशी ठरवलं ते इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या पदार्थानं, म्हणजे ग्राहीनं.

सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सहज मोकळा होतो. सेंद्रिय पदार्थात मात्र तो मागे उरलेल्या धनभाराशी जखडलेलाच राहतो. ही जोडी, एक्सायटॉन, जेमतेम १० नॅनोमीटर सरकते आणि विझते. तेवढ्या अंतरात ग्राही भेटला तरच वीज हाती लागते. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग यांनी १९८६ मध्ये दाता (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ) आणि ग्राही यांचे दोन थर एकमेकांवर चढवून सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळवली. त्यांचा ग्राही पेरिलीन या सपाट कार्बनी रेणूपासून बनवलेला होता, फुलरिन, म्हणजे कार्बन अणूंचा चेंडूसारखा पोकळ रेणू, नव्हता. पुढच्या घडामोडी पाहता ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे १९९२ मध्ये सारिचिफ्त्ची, हीगर या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की पॉलिमरमधला इलेक्ट्रॉन सी-६० या फुलरिनवर विलक्षण वेगानं उडी घेतो. १९९५ मध्ये हुमेलेन यांनी घडवलेला विरघळणारा फुलरिन, पीसीबीएम, पॉलिमरमध्ये मिसळून एकजीव थर बनवण्यात आला. जागोजागी दाता आणि ग्राही शेजारी आले आणि अंतराची अडचण सुटली.

त्यानंतर सुमारे वीस वर्षं पीसीबीएम आणि त्याची भावंडं हेच प्रमाण मानलं गेलं. दाते शेकड्यांनी बदलले, तेही या एका ग्राहीला जुळतील असेच. हे क्षेत्र त्यामुळे अडून राहिलं, असं माझं ठाम मत आहे. फुलरिन दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही, त्याच्या ऊर्जापातळ्या मनाजोगत्या हलवता येत नाहीत आणि उष्णतेनं त्याचे रेणू थरात गोळा होतात.

कोंडी फुटली ती चीनमध्ये. २०१५ मध्ये झान श्याओवेई यांच्या गटानं आयटीआयसी हा रेणू मांडला: मध्ये इलेक्ट्रॉन देणारा सपाट, लांबट गाभा, दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे गट. गाभ्यावरच्या बाजूच्या साखळ्या रेणूंना अति घट्ट रचू देत नाहीत. सुरुवातीची कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या आतच होती, पण आता प्रत्येक भाग वेगळा बदलता येत होता. २०१९ मध्ये चांग्शा इथल्या झोऊ यिंगपिंग यांच्या गटानं गाभ्याच्या मधोमध इलेक्ट्रॉन ओढणारा घटक बसवला. हा वाय-६ अवरक्त प्रकाशही टिपतो आणि त्यानं १५.७ टक्के गाठले. पुढे याच कुळातल्या रेणूंनी २० टक्क्यांच्या आसपास मजल मारली.

हे आकडे मात्र प्रयोगशाळेतल्या चिमुकल्या घटांचे आहेत. वाय-६ बनवायला रासायनिक टप्पे बरेच लागतात, त्यामुळे तो महाग पडतो. म्हणून कमी टप्प्यांत तयार होणारे, साध्या गाभ्याचे ग्राही शोधण्याकडे सध्या अनेक गट वळले आहेत.