वणवा कुणाच्या हद्दीतला? तीन पट्टे, एक कलम आणि जाळरेषा

फेब्रुवारीत सह्याद्रीच्या कुठल्याही डोंगराखाली उभं राहून वर पाहिलं की बहुतेक ठिकाणी जमिनीचे तीन पट्टे ओळखू येतात. पायथ्याशी मालकीचं रान, त्याला लागून गावचं गायरान, आणि हद्दीच्या दगडी बुरुजापलीकडे राखीव वन. गवत तिन्हीकडे सारखंच वाळलेलं असतं. जाळ पुष्कळदा खालच्या पट्ट्यात पेटतो. कुणी बांध साफ करायला पेटवतं, कुणी पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून. कधी विजेच्या तारा घासून ठिणगी पडते, कधी विडीचं थोटूक पुरतं. चढावर आग धावत सुटते, त्यामुळे बुरूज गाठायला तिला वेळ लागत नाही. एवढ्यात मात्र ती आधी मालकाची, मग ग्रामपंचायत आणि महसूल खात्याची, आणि शेवटी वनखात्याची झालेली असते. वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरलेला आहे. हंगामी फायर वॉचर नेमले जातात, जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून गवत-पाला जाळून मोकळे केलेले पट्टे, काढल्या जातात, पण त्या बुरुजाच्या आतल्या बाजूला.

वणवा पूर्णपणे थोपवायचा, हे धोरण १८६० च्या दशकातलं. मध्य प्रांतातल्या बोरीच्या सागवानी जंगलात तो प्रयोग जमला. जंगलात पट्टे मोकळे करायचे, हंगामाआधी ते जाळून साफ ठेवायचे, पहारेकरी बसवायचे, ही पद्धत तिथून इतर प्रांतांत गेली. पुढे ब्रह्मदेशातल्या वनाधिकाऱ्यांनाच शंका आली की आग अजिबात नसली तर सागाची नवी रोपं नीट येत नाहीत, आणि तिकडे धोरण सैल झालं. कोकणात भांडण राबावरून होतं. भाताची रोपं करायच्या जागेवर फांद्या, पालापाचोळा आणि शेण पसरून भाजायचं, ही तिथली रीत. १८८५ मध्ये मुंबई इलाख्यात नेमलेल्या वन आयोगासमोर ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी राबाचीच गाऱ्हाणी मांडली. त्यात मुख्य वाद फांद्या तोडण्याचा होता. पण शेतकऱ्याचा जाळ आणि सरकारी जंगल हे एकमेकांचे वैरी, ही समजूत कागदावर पक्की व्हायला तो काळ कारणीभूत झाला.

आजच्या गोंधळाची गाठ १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात आहे. त्यातलं कलम २६ सगळ्यांच्या ओळखीचं: राखीव वनात आग लावणं हा गुन्हा. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क ठरावीक काळासाठी स्थगित करू शकतं. काडी एकाने ओढायची आणि हक्क अख्ख्या गावाचे जायचे.

पण जास्त विचार करावा असं कलम आहे ७९, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. आग दिसल्यावर कोणी धावायचं, हे हा कायदा तिथे सांगतो. राखीव किंवा संरक्षित वनात ज्याला काही हक्क आहे तो, ज्याला गुरं चारायची किंवा वनोपज नेण्याची परवानगी आहे तो, अशा माणसांचे तिथे काम करणारे मजूर, आणि लगतच्या गावात सरकारचा पगार किंवा मोबदला घेणारा प्रत्येक जण, हे सगळे 'बांधील' आहेत. आगीची माहिती कळली की कोणी बोलावण्याची वाट न पाहता त्यांनी ती विझवायला लागायचं, आणि वनाच्या आसपास पेटलेली आग आत शिरू नये म्हणूनही झटायचं. कसूर केली तर मूळ कायद्यात एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता या यादीत कोण नाही ते पाहा. ज्याच्या माळावर जाळ पेटला तो जमीनमालक, त्याला वनात हक्क नसेल तर, यात नाही. शहरात राहून डोंगरउतारावर जमीन घेऊन ठेवलेला माणूस तर नाहीच नाही. गावातला सरकारी नोकर बांधील आहे, पण ज्या खात्याच्या ताब्यात गायरान आहे त्या खात्यावर, खातं म्हणून, कसलीच जबाबदारी टाकलेली नाही. बांधला गेला तो मोळीवाला, गुराखी, मोहफुलं वेचणारी बाई. ज्याला जंगलातून सर्वांत कमी मिळतं, त्याच्यावर कायद्याने सर्वांत जास्त भार टाकला. आणि आग लागली तर चौकशीही पहिल्यांदा त्याचीच होणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. अशा वेळी धूर दिसला तरी माणूस घरात थांबतो. वनकर्मचारी म्हणतात गावकरी मदत करत नाहीत. गावकरी म्हणतात विझवायला गेलं तर नाव लागतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच कलमांच्या जोडीतून निघाल्या आहेत. 'समन्वय' हा शब्द पुढे प्रत्येक आराखड्यात आला. 'बांधील' हा शब्द मात्र कुणी उलगडला नाही.

स्वातंत्र्यानंतर हद्दींची संख्या वाढली. १९७४ मध्ये राज्यात वनविकास महामंडळ आलं आणि वनखात्याच्या शेजारी दुसरा सरकारी शेजारी तयार झाला. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने पुष्कळ मालकीचं रान सरकारजमा झालं, पण सात-बारा आणि प्रत्यक्ष ताबा यांचा मेळ आजही अनेक गावांत बसलेला नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वनं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत, गेली. ७४ व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आली. बंब पालिकेचा, आणि तोही रस्ता असेल तिथवरच जाणार. १९८० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने वणवा नियंत्रणाचा आधुनिक प्रकल्प देशात दोन ठिकाणी राबवला गेला. त्यातलं एक ठिकाण आपलं चंद्रपूर. प्रकल्पाची मुदत संपल्यावर त्याची घडी तशी राहिली नाही. १९९२ पासून संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आल्या. गावाला पहिल्यांदा 'भागीदार' म्हटलं गेलं, पण समितीचा सचिव वनखात्याचाच माणूस.

२००४ पासून उपग्रहावरून आगीच्या सूचना सुरू झाल्या. २०१७ मध्ये वापरात आलेल्या नव्या संवेदकामुळे एक किलोमीटरऐवजी ३७५ मीटरच्या चौकटीत आग टिपता येऊ लागली. वनरक्षकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांशांसह नियतक्षेत्राचं, म्हणजे त्याच्या राखणीतल्या तुकड्याचं, नाव येतं. तो दुचाकी काढतो, वाट संपते तिथे ती लावतो, पाठीवर ब्लोअर घेऊन चढतो. सोबत दोन-तीन मजूर आणि हातात ऐनाच्या किंवा करंजाच्या ओल्या डहाळ्या. ब्लोअरने पाला मागे सारायचा, डहाळीने जाळाच्या कडा झोडपायच्या, जाळ फारच पुढे असेल तर समोरून आडवी आग देऊन मधलं गवत आधीच संपवायचं. वाऱ्याचा अंदाज चुकला तर हीच आडवी आग अंगावर येते. म्हणून हे काम जाणत्याचं, आणि असे जाणते पायथ्याच्या गावातच असतात.

या सूचनांमध्येही हद्दीचा प्रश्न आहेच. शेतातले जाळ वगळावेत म्हणून वनक्षेत्राबाहेरचे बिंदू गाळले जातात. ते योग्यच, नाहीतर सूचनांचा नुसता पूर येईल. पण त्या चाळणीत मालकीच्या गवताळ डोंगरावरचा जाळही गाळला जाऊ शकतो, आणि सह्याद्रीत वणव्याची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. वनरक्षकाला मग आग कळते ती बुरूज ओलांडल्यावर. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं, बहुतेक रान खासगी. तिथे दर उन्हाळ्यात आंबा-काजूच्या बागा होरपळतात, आणि पंचनाम्याला येतो तलाठी, आग विझून गेल्यावर.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये हरित न्यायाधिकरणाने राष्ट्रीय धोरणाचा आग्रह धरला, आणि २०१८ मध्ये वणव्यांविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा आला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत थेनीजवळ कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहक वणव्यात सापडून मृत्युमुखी पडले होते. आराखड्यात गावांचा सहभाग आहे, आपत्ती यंत्रणेशी जोडणी आहे. गायरानातल्या गवताचा उल्लेख शोधावा लागतो. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी आगी लागल्या, तेव्हा नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी टाकलं. खाली वनकर्मचारी आणि अग्निशमन दलाचे जवान पायी चढत होते. आकाशातला समन्वय काही दिवसांत जमला, आणि तो जमायलाच हवा होता. जमिनीवर सरकारी जंगल, खासगी जमिनी आणि काजूची लागवड एकमेकांत मिसळलेली होती, आणि तो गुंता हेलिकॉप्टरने सुटण्यातला नव्हे.

या सगळ्याला छेद गेला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला आपलं जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये तो मिळाला. नंतर त्या जिल्ह्यात शेकडो गावांना. अनेक ग्रामसभा आता तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. तेंदूला कोवळा फुटवा यावा म्हणून आणि मोहफुलं दिसावीत म्हणून खालचा पाला जाळण्याची जुनी सवय तिथेही आहे. फरक एवढाच की आता जंगलाचं नुकसान झालं तर ते ग्रामसभेच्याच हिशेबात दिसतं. १९२७ च्या कायद्यात हक्कदार मदतीला बांधील होता. २००६ च्या कायद्यात हक्कदारच व्यवस्थापक झाला. मग आग लागल्यावर कुणी कुणाला बोलवायचं? कलम ७९ तसंच आहे, ग्रामसभेचा अधिकारही तसाच आहे, आणि दोन्ही एकत्र वाचून याचं नेमकं उत्तर मिळत नाही.

२०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेच्या समितीने आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा आणि तो वनखात्याच्या आराखड्याशी जोडून घ्यायचा, त्यात समितीला योग्य वाटतील ते बदल करून. या जोडणीत सर्वांत आधी अडते ती जाळरेषा. वनखात्याच्या नकाशावर ती कक्षाच्या, म्हणजे खात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या, हद्दीने जाते. गावाला ती हवी असते पायवाटेने, नाल्याच्या काठाने, जिथे आग आजवर थांबत आली आहे तिथे.